गिअर सहज पडावा म्हणून : मोटारसायकलच्या तेलाची निवड



मोटारसायकलवरून दूरच्या प्रवासाला जाणाऱ्यांच्या तक्रारींत एक तक्रार हमखास ऐकू येते. ती म्हणजे, गिअर सुखाने पडत नाही. पहिला गिअर टाकताना 'खट्' असा मोठा आवाज होतो, सिग्नलला उभे असता न्यूट्रल सापडत नाही, आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना गिअर मध्येच कुठे तरी अडकून राहतो. या तक्रारीवर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो : तेल बदला. हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कोणते तेल घालावे, ते कशासाठी, आणि तेल बदलूनही न सुटणारा दोष कोणता, याचा उलगडा त्यातून होत नाही. दुकानात डब्यांवरील अंकांची आणि अक्षरांची गर्दी पाहून सामान्य ग्राहक गांगरतो, आणि जे सर्वांत महाग ते सर्वांत चांगले असे मानून मोकळा होतो. प्रस्तुत व्याख्यानात या निवडीचा विचार मुळापासून करावयाचा आहे.

या विचारासाठी बंगळूरमधील कोरमंगला ही वसाहत सोयीची आहे. येथील मोटारसायकल एकाच आठवड्यात दोन अगदी निराळी आयुष्ये जगते. सोमवार ते शुक्रवार ती ऐंशी फुटी रस्त्यावर, सोनी वर्ल्डच्या चौकात आणि पुढे मडिवाळ व सिल्क बोर्डच्या गर्दीत रखडते. एजिपुऱ्याच्या उड्डाणपुलाचे २०१७ साली सुरू झालेले काम वर्षानुवर्षे रेंगाळले आणि या रखडण्यात भरच पडली. अशा वाहतुकीत एका किलोमीटरमध्ये कितीदा क्लच दाबावा लागतो याची मोजदादही कोणी करत नाही. पुढे सुट्टी लागली की तीच गाडी तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी असे टप्पे घेत सुमारे ५०० किलोमीटरवरील बेळगाव गाठते. नोकरीनिमित्त येथे राहिलेली मराठी मंडळी तेथून कोल्हापूर-पुण्याकडे वळतात, किंवा चोर्ल्याच्या अथवा आंबोलीच्या घाटाने खाली कोकणात आणि गोव्यात उतरतात. रखडणारा गिअर शहरात केवळ त्रास देतो. घाटाच्या उतारावर मात्र तो धोका ठरतो. उतरताना गाडीचा वेग ब्रेकच्या जोडीने खालच्या गिअरनेही आवरायचा असतो. तिसऱ्यावरून दुसरा टाकताना गिअर दोहोंच्या मध्येच राहिला, तर इंजिन आणि चाक यांचा संबंध तुटतो, गाडी मोकळी धावू लागते, आणि वळण तर समोर आलेले असते. तेलाच्या निवडीला महत्त्व येते ते यामुळे.

गिअर टाकला जातो तेव्हा पेटीच्या आत काय घडते, हे प्रथम पाहू. मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये दोन समांतर शाफ्ट असतात आणि त्यांवर दंतचक्रांच्या जोड्या बसविलेल्या असतात. या जोड्या नेहमीच एकमेकींत गुंतलेल्या असतात. पाय हलविल्यावर दंतचक्रे एकमेकांत शिरतात अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती बरोबर नाही. प्रत्येक जोडीतील एक चक्र शाफ्टवर मोकळे फिरत असते. त्याला शाफ्टशी जखडले की तो गिअर पडला. हे जखडण्याचे काम चक्राच्या सपाट बाजूवर असलेले काही जाड दात करतात. कारागीर त्यांना 'डॉग' म्हणतात. पायाने लिव्हर दाबली की आतील नळकांडे थोडे फिरते, त्यावरील खाचांतून चालणारा काटा सरकतो, आणि काट्याने ढकललेल्या चक्राचे डॉग शेजारच्या चक्राच्या खाचांत जाऊन बसतात.

मोटारगाडीत दोन्ही चक्रांचा वेग आधी समान करून देणारी एक वेगळी कडी असते. मोटारसायकलमध्ये बहुधा ती नसते. डॉग आणि खाच वेगवेगळ्या वेगांनी फिरत असता एकमेकांना भिडतात, आणि क्षणभराच्या टकरीनंतर गुंततात. म्हणून पहिल्या गिअरचा थोडासा आवाज हा दोष नव्हे, ती या रचनेची जात आहे. ही टक्कर जितकी सौम्य, काटा जितका अडथळ्याविना सरकणारा आणि क्लच जितका पूर्ण सुटणारा, तितका गिअर सहज पडतो. या तिन्ही गोष्टींत तेलाचा वाटा असतो. मात्र प्रत्येक गोष्टीत तो वेगळा असतो, आणि निवडीतील अडचण नेमकी येथूनच सुरू होते.

एक साधा प्रश्न आरंभीच विचारला, तर अर्धी अडचण दूर होते. हे तेल कोणाकोणासाठी आहे? मोटारसायकलींत याची तीन उत्तरे आढळतात, आणि भारतीय रस्त्यांनी ती तिन्ही पाहिली आहेत.

पहिले उत्तर म्हणजे गिअरबॉक्सचे तेल फक्त गिअरबॉक्ससाठी. १९५५ पासून मद्रासजवळ तयार होऊ लागलेली बुलेट ही या प्रकारची. तिच्या जुन्या ओतीव लोखंडी इंजिनात इंजिनाचे तेल वेगळे, क्लचच्या पेटीचे वेगळे आणि गिअरबॉक्सचे वेगळे होते. चार गिअरच्या त्या जुन्या पेटीत गिअर दोहोंच्या मध्ये राहून जाणे हा नित्याचा अनुभव असे. न्यूट्रल शोधण्याची कटकट तर इतकी की टाचेने दाबून थेट न्यूट्रलला आणणारी एक स्वतंत्र छोटी लिव्हरच उत्पादकांनी बसविली होती. या पेटीत ९० क्रमांकाचे गिअर-तेल चाले. गळती आवरण्यासाठी त्यात ग्रीस मिसळण्याची रीतही गॅरेजांतून रूढ होती. बी. एम. डब्ल्यू.च्या आडव्या सिलिंडरांच्या जुन्या प्रवासी गाड्यांत क्लच कोरडा असे, आणि म्हणून त्यांचीही गिअरपेटी स्वतंत्र तेलाची होती. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या प्रवासी गाड्यांत इंजिन, क्लचची पेटी आणि गिअरबॉक्स अशी तेलाची तीन घरे असतात.

दुसरे उत्तर म्हणजे गिअरबॉक्स आणि क्लच यांचे तेल एक, इंजिनाचे मात्र निराळे. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून १९९६ पर्यंत तयार झालेल्या जावा आणि येझदी या गाड्या या प्रकारच्या. त्यांच्या दोन-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल मिळे, आणि खालच्या पेटीतील तेलात दंतचक्रे व क्लच दोन्ही भिजत. त्या गाड्यांत पायाने लिव्हर दाबताच क्लचही आपोआप काही अंशी सुटत असे. म्हणजे गिअर आणि क्लच यांची संगत तेलापुरतीच मर्यादित नव्हती. येथे केवळ दंतचक्रांचे हित पाहून तेल घातले, तर क्लचचे नुकसान होऊ शकते.

तिसरे उत्तर आज सर्वांत अधिक आढळते : इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स या तिघांना एकच तेल. बुलेटच्या घराण्यानेही २००८ ते २०१० या काळात जोड-इंजिनाचा स्वीकार करून ही व्यवस्था पत्करली, आणि त्या इंजिनांसाठी १५डब्ल्यू-५० या दर्जाचे तेल सांगितले गेले. अशा गाडीसाठी 'गिअरचे तेल' अशी वेगळी वस्तू नसतेच. तिच्यात जे इंजिन-तेल घातले जाते, तेच दंतचक्रांचा भार सोसते आणि क्लचच्या पट्ट्यांनाही भिजविते. एका घरात तीन सासवा असाव्यात, तशी या तेलाची अवस्था असते. इंजिनाला उष्णता सोसणारे आणि काजळी धरून ठेवणारे तेल हवे, दंतचक्रांना दाबाखाली न फाटणारा थर हवा, आणि क्लचला थोडे घर्षण शिल्लक ठेवणारे तेल हवे. यांपैकी एकीचे मन राखताना दुसरीला दुखवू नये, हाच येथे निवडीचा नियम.

आता डब्यावरील अंकांकडे वळू. तेलाची श्यानता, म्हणजे साध्या भाषेत त्याचा दाटपणा, एस. ए. ई. या संस्थेच्या क्रमांकांनी दर्शविला जातो. या बाबतीत एक गैरसमज फार दूरवर पसरलेला आहे. ९० क्रमांकाचे गिअर-तेल ५० क्रमांकाच्या इंजिन-तेलापेक्षा जवळजवळ दुप्पट दाट असणार, असे अंकांवरून वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. गिअर-तेलांची मोजपट्टी वेगळी आणि इंजिन-तेलांची वेगळी. १०० अंश सेल्सिअस तापमानाला ९० क्रमांकाच्या गिअर-तेलाची श्यानता १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक या मर्यादेत असते. त्याच तापमानाला ४० क्रमांकाच्या इंजिन-तेलाची १२.५ ते १६.३, तर ५० क्रमांकाच्या इंजिन-तेलाची १६.३ ते २१.९. म्हणजे ९० चे गिअर-तेल हे ४० आणि ५० च्या इंजिन-तेलांच्या दरम्यान पडते. एकाच अंतराचे कोस आणि किलोमीटर निराळे भरतात, तसाच हा प्रकार आहे.

१५डब्ल्यू-५० किंवा ८०डब्ल्यू-९० अशा जोडअंकांतील पहिला भाग थंडीतील वागणूक सांगतो, दुसरा तापल्यानंतरची. पहिल्या भागासाठीच्या चाचण्या शून्याखाली कित्येक अंशांवर घेतल्या जातात. बंगळूरमध्ये नोंदले गेलेले नीचतम तापमान १८८४ च्या जानेवारीतील ७.८ अंश आहे. तेव्हा या शहराला पहिल्या अंकाची चिंता फारशी नाही. तरीही डिसेंबरच्या पहाटे तेल घट्ट झालेले असते, क्लचच्या पट्ट्या एकमेकींना चिकटून राहतात, आणि पहिला गिअर धक्का देऊन पडतो. इंजिन मिनिटभर चालू ठेवून, गिअर टाकण्यापूर्वी क्लच दोन-तीनदा दाबून सोडला, तर हा धक्का पुष्कळ कमी होतो. त्यासाठी नवे तेल विकत घेण्याचे कारण नाही.

फार दाट तेलात क्लच पुरता सुटत नाही, न्यूट्रल सापडत नाही आणि पाय जड लागतो. फार पातळ तेलात डॉगच्या टकरीला उशी मिळत नाही, आवाज वाढतो आणि दातांवरील थर विरळ होतो. यास्तव उत्पादकाने सांगितलेल्या अंकाच्या आसपासच राहावे. पुस्तिकेत तापमानानुसार एकाहून अधिक अंक दिलेले असतील, तर उन्हाळ्यातील लांबच्या प्रवासासाठी त्यांतील वरचा अंक घेणे योग्य. पुस्तिकेत नसलेला अंक केवळ कोणी मित्र सुचवितो म्हणून घेऊ नये.

दाटपणानंतर विचार येतो तेलात मिसळलेल्या रसायनांचा. दोन दातांमधला दाब इतका वाढतो की तेलाचा थर पिळून निघण्याची भीती असते. अशा वेळी धातूशी संयोग पावून पृष्ठभागावर संरक्षक पापुद्रा धरणारी गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे गिअर-तेलात घातलेली असतात. डब्यावर 'ई. पी.' ही अक्षरे असतात ती याचीच खूण. ए. पी. आय. या संस्थेच्या वर्गवारीत जी. एल.-४ मध्ये ही द्रव्ये बेताची, तर जी. एल.-५ मध्ये अधिक असतात. पाच हा आकडा चारपेक्षा मोठा, म्हणून ते तेल वरच्या प्रतीचे, असे अनुमान कोणीही करील. पण ते खरे नव्हे. जी. एल.-५ हे प्रामुख्याने मोटारगाड्यांच्या मागील आसातील तिरप्या दातांच्या चक्रांसाठी आखलेले आहे. गंधकाची काही संयुगे उष्णतेत पितळ आणि कासे यांना खातात, आणि गिअरबॉक्समध्ये या धातूंचे बुश असू शकतात. अनेक आधुनिक तेलांत हा दोष पुष्कळ आवरलेला असला, तरी पुस्तिकेत जी. एल.-४ म्हटले असेल, तर तेच घालणे शहाणपणाचे होय. ज्या पेटीत क्लचही भिजतो, तेथे असे गिअर-तेल उत्पादकाने स्पष्टपणे सांगितल्याखेरीज घालूच नये.

क्लचच्या बाबतीत तर उलटाच न्याय लागू होतो. दंतचक्रांना निसरडेपणा हवा, क्लचला पकड हवी. मोटारगाड्यांच्या इंजिन-तेलात इंधन वाचविण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये वाढू लागली, आणि तीच तेले मोटारसायकलींत घातली गेल्यावर क्लच घसरण्याच्या तक्रारी येऊ लागल्या. त्यामुळे जपानमध्ये १९९८ साली 'जासो' या नावाने ओळखले जाणारे मानक निश्चित करण्यात आले. त्यात तेलात भिजलेल्या क्लचची पकड प्रत्यक्ष मोजून तेलांचे वर्ग पाडले जातात. पकड टिकविणारे ते 'एम. ए.', घर्षण कमी करणारे ते 'एम. बी.'. पुढे २००६ मध्ये 'एम. ए.'चे १ आणि २ असे पोटभाग पडले, त्यांत २ मध्ये पकड अधिक. ज्यांचा क्लच तेलात नसतो अशा स्कूटरींना 'एम. बी.' चालते. क्लच तेलात असलेल्या प्रवासी मोटारसायकलला मात्र 'एम. ए.' किंवा 'एम. ए.-२' ही खूण पाहूनच तेल घ्यावे. कोरमंगल्याच्या गर्दीत अर्धवट दाबलेल्या क्लचवर तासभर काढणाऱ्या गाडीला ही खूण इतर कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाची आहे. सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्यांच्या साध्या डब्यावर योग्य अंक आणि ही खूण असेल, तर गाडीच्या दृष्टीने ते परदेशी छापाच्या डब्याइतकेच योग्य ठरते.

खनिज तेल की संश्लेषित, हा वादही याच संदर्भात समजून घ्यावा. जोडअंकी तेलात, तापल्यावर ते फार पातळ होऊ नये म्हणून, लांबलचक साखळ्यांचे रेणू मिसळलेले असतात. दंतचक्रांच्या दातांत सापडून या साखळ्या कात्रीत सापडल्यासारख्या तुटतात आणि तेल हळूहळू पातळ होते. इंजिनाला ते जाणवण्यापूर्वी पायाला जाणवते. तेल नवे असता लोण्यासारखा पडणारा गिअर काही हजार किलोमीटरांनंतर खडखडू लागतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे. चांगल्या प्रतीच्या संश्लेषित तेलाला मुळातच अशा साखळ्यांची गरज कमी लागते, म्हणून त्याचा दाटपणा अधिक काळ टिकतो आणि ते उष्णताही अधिक सोसते. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने त्यावर अधिक पैसे खर्च करणे समर्थनीय आहे. पण संश्लेषित तेल घातले म्हणून बदलण्याची मुदत मनाने वाढविली, तर तो लाभ हातचा जातो. गर्दीत कमी किलोमीटर आणि अधिक तास चाललेल्या तेलाचे वय केवळ किलोमीटरच्या काट्यावर मोजता येत नाही. म्हणून वेळापत्रकातील मुदत जवळ आली असेल, तर तेल प्रवासापूर्वी बदलावे, परतल्यावर नव्हे.

तथापि तेलावर सर्वच भार टाकणे न्याय्य नाही. गिअर अडण्याची अनेक कारणे तेलाच्या बाहेर असतात, आणि त्यांची तपासणी फुकट होते. क्लचच्या केबलमध्ये ढिलाई अधिक असेल, तर लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच पुरता सुटत नाही. हिरवे-निळे कितीही तेल घातले तरी अशी गाडी न्यूट्रल दाखविणार नाही. साखळी फार सैल किंवा फार ताठ असेल, तर गिअर धक्के देतो. पायाची लिव्हर बुटाच्या मानाने फार वर किंवा खाली बसविलेली असेल, तर पाय पूर्ण उचलला जात नाही, आणि गिअर मध्येच राहतो. पेटीत तेल कमी वा अधिक असणे हेही एक कारण आहे. पातळी पाहताना गाडी सरळ उभी हवी, की बाजूच्या स्टँडवर, हे प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेले असते. या सर्व गोष्टी ठीक असूनही एखादा विशिष्ट गिअरच निसटत असेल, तर डॉगच्या कडा गोल झाल्या आहेत किंवा काटा वाकला आहे असा संशय घ्यावा. अशा रोगाला तेलाचे औषध नाही, पेटी उघडावीच लागते. घाट उतरण्याचा बेत असेल, तर हा निर्णय बंगळूरमध्येच घेतलेला बरा.

तेल बदलताना ते गरम असावे, म्हणजे गाळ त्याबरोबर निघून येतो. काही गाड्यांत निचऱ्याच्या बोल्टला लोहचुंबक असते, आणि त्यावर जमलेली पूड हे पेटीचे प्रगतिपुस्तकच होय. बोटाला शाईसारखी लागणारी बारीक राखाडी पूड स्वाभाविक आहे. तीत चमकणारे कण किंवा टवके दिसले, तर दात तुटत आहेत असे समजावे. बोल्टची चकती नवी घालावी, आणि तो पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळावा. अल्युमिनियमच्या कवचातील आटे फार लवकर मरतात. तेल विश्वासू दुकानातून, सील पाहून घ्यावे, आणि रिकामा डबा देताना त्याला भोक पाडावे. नकली माल भरणाऱ्यांना अखंड डबे हवे असतात.

शेवटी प्रश्न उरतो तो काढलेल्या तेलाचा. जळालेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात ओतणे ही कोरमंगल्यात विशेष गंभीर गोष्ट ठरते. या भागातील पावसाचे पाणी वाहून नेणारे राजकालुवे बेळ्ळंदूरच्या तलावाला जाऊन मिळतात. प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याने विषारी फेस उसळलेला आणि २०१५, २०१७ व २०१८ या वर्षांत आगीच्या ज्वाळा पाहिलेला तलाव तो हाच. त्या दुर्दशेचे मुख्य कारण मैलापाणी होते, हे खरे. पण तलावाच्या पृष्ठभागावर तेलाचा तवंग धरला की हवेतील प्राणवायू पाण्यात उतरणेही कठीण होते. वापरलेले तेल शुद्ध करून पुन्हा उपयोगात आणता येते, त्यामुळे ते टाकाऊ नव्हे. घरी तेल बदलणाऱ्याने ते एका घट्ट झाकणाच्या डब्यात साठवून, अधिकृत संकलकाकडे देणाऱ्या गॅरेजकडे पोहोचवावे. त्यासाठी फार तर एक फेरी पडते, आणि ती फेरी नव्या तेलाने गिअर कसा पडतो हे पाहण्यासही उपयोगी पडते.